चौकातील भट्टी आणि तिघे भाऊ

इटलीतील कोणत्याही जुन्या गावात जावे. गल्ल्या कितीही वाकड्यातिकड्या धावत असल्या तरी अखेरीस त्या एका मोकळ्या जागेत येऊन मिळतात. त्या जागेस तेथील लोक ‘पिआत्सा’ म्हणतात. आपण तिला चौक म्हणू. चर्च, नगरपालिकेची कचेरी, कॉफीचे दुकान, पाव भाजणाऱ्याचे दुकान आणि आठवड्याचा बाजार हे सारे तिच्या भोवती किंवा तिच्यातच असते. अशा चौकात दुकान असणे ही केवळ जागेची सोय नसते. चौकातील दुकानदार दिवसभर साऱ्या गावाच्या नजरेखाली असतो. सकाळी माल हलका निघाला तर दुपारपर्यंत ती वार्ता वेशीपर्यंत पोहोचते. मालकाने कोणा गरिबास सांभाळून घेतले तर तीही पोहोचते. पेठेत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, त्या वाचकांस हे अधिक उलगडून सांगण्याचे कारण नाही.

या सदरात आज अशाच एका चौकातील दुकानाचा विचार करावयाचा आहे. गावाचे नाव कायात्सो. दक्षिण इटलीच्या काम्पानिया प्रांतात, नेपल्सपासून पन्नासेक किलोमीटरवर, वोल्तुर्नो नदीच्या खोऱ्याकडे पाहणाऱ्या एका टेकडीवर ते वसले आहे. वस्ती जेमतेम काही हजारांची. तेथील ‘पोर्ता वेतेरे’ म्हणजे ‘जुनी वेस’ या नावाच्या चौकात पेपे घराण्याचे पिझ्झाचे दुकान आहे. आजोबा पाव भाजणारे, वडील पिझ्झा करणारे, आणि त्यांच्यामागे तिघे मुलगे. पुढे त्या तिघांतील एक, फ्रांको पेपे, दुकानातून वेगळे झाले आणि आज जगभरचे लोक त्यांच्या हातचा पिझ्झा खाण्यासाठी त्या लहान गावी जातात. कीर्तीच्या कथा पुष्कळ छापून येतात. आपल्याला त्यात फारसे स्वारस्य नाही. एका भट्टीवर तीन भाऊ असताना एक जण वेगळा होतो, तेव्हा वाटणी होते ती नेमकी कशाची, हा प्रश्न मात्र आपल्या घराघरांतला आहे. म्हणून ही हकिगत.

तत्पूर्वी पिझ्झा हा धंदा मुळात कसा होता, ते पाहिले पाहिजे. आपल्याकडे तो मोठ्या कंपन्यांच्या चकचकीत दुकानांतून आला, त्यामुळे तो श्रीमंतांचा आणि तरुणांचा पदार्थ असा समज झाला. नेपल्समध्ये तो हातावर पोट असणाऱ्यांचे अन्न होता. हमाल, कोळी, गाडीवान यांच्या घरी चूल नसे, असली तरी जळण परवडत नसे. ते रस्त्यावर उभ्याउभ्या पिझ्झाचा तुकडा घेऊन खात. फ्रेंच कादंबरीकार अलेक्झांद्र द्यूमा १८३५ मध्ये नेपल्सला गेला होता. १८४३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ल कोरिकोलो’ या आपल्या प्रवासग्रंथात त्याने या पदार्थावर लिहिले आहे, आणि त्यातील एक निरीक्षण कोणाही व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावे असे आहे. त्याच्या मते पिझ्झा हा बाजाराचा उष्णतामापक होता. वर घालावयाच्या जिनसांच्या भावाप्रमाणे त्याची किंमत चढे किंवा उतरे. मासळीचा पिझ्झा स्वस्त झाला की समजावे, जाळ्यात भरपूर मासळी आली. तेलाचा पिझ्झा महागला की समजावे, ऑलिव्हचे पीक बुडाले. शहरातील सर्वांत गरीब माणूस सकाळी एक तुकडा विकत घेताना त्या दिवसाचा बाजारभाव वाचीत असे.

मात्र याच द्यूमाने एके ठिकाणी मोठी गफलत केली. नेपल्समध्ये ‘पिझ्झा आ ओत्तो’ असा एक प्रकार होता. ‘ओत्तो’ म्हणजे आठ. द्यूमाने समजून घेतले की हा आठ दिवसांपूर्वी भाजलेला शिळा पिझ्झा असावा, आणि तसेच त्याने लिहून टाकले. वास्तविक तो पिझ्झा ताजाच असे. आठ दिवसांनंतर येत असत ते पैसे. आज खा आणि आठव्या दिवशी द्या, असा तो व्यवहार होता. आठवड्याने मजुरी मिळणाऱ्या माणसाला दुकानदाराने दिलेली ती आठवड्याची उधारी होती. ज्याने आयुष्यात कधी गल्ल्यावर बसून उधारीची वही सांभाळली नाही, त्याला हा अर्थ सुचला नाही यात नवल ते काय!

ही चाल पुढेही दीर्घकाळ टिकली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हलाखीत नेपल्सच्या गल्ल्यांतून बायका घराच्या दाराशीच कढई मांडून तळलेला पिझ्झा विकीत आणि तोही आठ दिवसांच्या उधारीवर देत. वित्तोरिओ द सिका यांच्या १९५४ च्या ‘लोरो दि नापोली’ या चित्रपटात सोफिया लोरेन यांनी अशीच एक पिझ्झावाली रंगविली आहे. त्या कथेचे नावच मुळी उधारीच्या पिझ्झावरून आहे. या उधारीला ना कागद होता ना जामीन. गिऱ्हाईक त्याच गल्लीत राहत असे, त्याच चौकातून जात असे, एवढेच काय ते तारण. म्हणून हा धंदा जागेला जखडलेला होता. मातिल्दे सेराओ या नेपल्सच्या लेखिकेने १८८४ साली ‘इल व्हेन्त्रे दि नापोली’ या पुस्तकात आपल्या शहरातील गरिबीचे दर्शन घडविले. तीत एका उत्साही नेपल्सकराची गोष्ट येते. त्याने रोममध्ये जाऊन पिझ्झाचे दुकान थाटले. आरंभी रोममधील नेपल्सच्या लोकांनी गर्दी केली. पण हळूहळू दुकान ओस पडत गेले. आपल्या गल्लीतून उपटून नेलेला पिझ्झा तेथे परका झाला होता. आज दर शहरात पिझ्झा मिळतो हे पाहून सेराओबाईंचा निष्कर्ष चुकीचा ठरला असे कोणी म्हणेल. आमच्या मते तो निम्मा तरी बरोबर होता. पदार्थ गेला जगभर, पण उधारीची वही गेली नाही.

आता पेपे घराण्याकडे वळू. आजोबांची बेकरी होती. लाकडाच्या भट्टीवर पाव भाजणाऱ्या माणसाला पिझ्झा काही वेगळा शिकावा लागत नाही. भट्टी पुरेशी तापली की नाही हे पाहण्यासाठी कणकेचा एक चपटा तुकडा आत टाकण्याची पद्धत इटलीतील भट्ट्यांवर जुनीच आहे. पाव बिघडण्याऐवजी तो तुकडा बिघडावा, हा हेतू. त्यावर थोडे तेल, थोडे मीठ टाकले की तो घरच्या मुलांच्या न्याहारीला येई. अशा बेकरीतून वडील स्तेफानो पेपे यांनी चौकात पिझ्झाचे दुकान उभे केले. मालाची जात बदलली, भट्टी आणि पीठ तेच राहिले. गिऱ्हाइकाची वेळ मात्र पालटली. पावाचे गिऱ्हाईक पहाटेचे, पिझ्झाचे रात्रीचे. ज्या घराचा दिवस पूर्वी रात्री दोनला सुरू होत असेल, तो आता रात्री बाराला संपू लागतो. धंदा बदलतो तेव्हा आधी घरातील बायकामुलांची झोप बदलते. हिशेबात ती कोणी धरीत नाही.

फ्रांको यांचे शिक्षण झाले ते व्यायामशिक्षकाचे, आणि त्यांनी शाळेत शिकविलेही. ही गोष्ट आपल्या वाचकांस फार ओळखीची वाटेल. दुकान चांगले चालत असते, तरी बापाला वाटते की मुलाने या धगीत, या धुळीत उभे राहू नये. पदवी घ्यावी, पगाराची नोकरी करावी, सायंकाळी घरी असावे. आणि मूल खरोखरच पदवी घेऊन पगार आणू लागले, की तोच बाप संध्याकाळी गल्ल्यावर बसून रस्त्याकडे पाहू लागतो. स्तेफानो यांच्या मनात काय होते ते त्यांचे त्यांना ठाऊक. ते गेल्यावर मात्र मुलांनी दुकान मिटले नाही. तिघा भावांनी ते पुढे चालविले, आणि कालांतराने फ्रांको शाळा सोडून पूर्णवेळ पिठाजवळ आले.

पिठाजवळ आले, असे म्हणण्याला कारण आहे. या घरात कणीक मळण्यासाठी यंत्र वापरीत नसत. लाकडाच्या मोठ्या पेटीसारख्या काथवटीत ती हाताने मळली जाई. पीठ किती, पाणी किती, याचे कोष्टक नसते. हवा दमट असली तर पाणी कमी, गहू नवा असला तर वेळ जास्त. जे काही ठरते ते बोटांना कळते. याउलट कायद्याने सारे मापून ठेवले आहे. युरोपीय संघाने २०१० साली नेपल्सच्या पिझ्झाला पारंपरिक पदार्थ म्हणून नोंदविले, तेव्हा त्याची मोजमापे ठरविली. व्यास ३५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नको, मधला भाग ०.४ सेंटिमीटर जाड, कडा एक ते दोन सेंटिमीटर उंच, कणीक आधी दोन तास आणि गोळे केल्यावर आणखी चार ते सहा तास फुगू द्यावी, लाकडाच्या भट्टीत ६० ते ९० सेकंद भाजावा. २०१७ मध्ये युनेस्कोने नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. हे सर्व योग्यच झाले. परंतु मोजमापांचा कागद हाती देऊन कोणी पेपे घराण्यातील कणीक मळू शकणार नाही. हे ज्ञान वडिलांच्या शेजारी उभे राहून, शिव्या खाऊन, बिघडवून येते.

२०१२ साली फ्रांको वेगळे झाले. त्यांनी कायात्सोतच, चौकापासून दूर नसलेल्या व्हिको सान जोव्हान्नी बात्तिस्ता नावाच्या अरुंद गल्लीत, अठराव्या शतकातील एक पडीक वाडा घेतला, तो दुरुस्त केला आणि तेथे नवे दुकान उघडले. चौकातील वडिलांचे दुकान भावांकडे राहिले आणि त्यांनी ते चालू ठेवले. नव्या दुकानाचे नाव ठेवले ‘पेपे इन ग्रानी’. इटालियन भाषेत पेपे म्हणजे मिरे. ‘पेपे इन ग्रानी’ म्हणजे न कुटलेले, अख्खे मिरे. ‘ग्रानो’ या शब्दाने गव्हाचा दाणाही ध्वनित होतो. आडनाव तर सोडवत नाही, आणि भावांच्या पाटीवरील नावही जसेच्या तसे उचलता येत नाही. त्यातून काढलेली ही वाट मोठी चतुर आहे. कुटुंबातून बाहेर पडणारा माणूस पाटीवर काय लिहितो, याकडे आम्ही नेहमी लक्ष देऊन पाहतो. ‘मूळ’, ‘खरे’, ‘अस्सल’ असे शब्द पाटीवर आले की समजावे, आत भांडण शिजत आहे. येथे तसला शब्द नाही.

वाटणीचा ताळेबंद मांडून पाहू. चौकातील जागा, भट्टी, जुने गिऱ्हाईक आणि वडिलांच्या वेळची पाटी हे सर्व मागे राहिले. फ्रांको यांच्याबरोबर गेले ते दोन हात आणि आडनाव. भांडवल म्हणून कोणत्याही पतपेढीला दाखविता येणार नाही अशी ही मालमत्ता. आणि उलट बाजूस, चौकात राहिलेल्या भावांच्या वाट्याला चालू दुकान आले खरे. परंतु त्याबरोबर रोज नव्याने सिद्ध करण्याची जबाबदारीही आली की, एक माणूस गेला तरी चव गेलेली नाही. वेगळा झालेला भाऊ लोकांना दिसतो, मासिकांतून त्याची छायाचित्रे येतात. राहिलेल्यांचे धैर्य कोणी छापीत नाही. आमच्या मते ते तोलाने कमी नाही.

येथे इटलीच्या कायद्याची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती प्रत्येक व्यापारी घराने समजून घ्यावी अशी आहे. १९७५ साली त्या देशाने आपल्या कुटुंबविषयक कायद्यात मोठी सुधारणा केली. तीत ‘कौटुंबिक उद्योग’ या नावाचे एक नवे कलम नागरी संहितेत आले, २३० बिस. त्याचा आशय असा. एखाद्या घरच्या धंद्यात पती किंवा पत्नी, तिसऱ्या पायरीपर्यंतचे रक्ताचे नातलग आणि दुसऱ्या पायरीपर्यंतचे सासरचे नातलग सातत्याने राबत असतील, आणि त्यांच्यात नोकरीचा किंवा भागीदारीचा वेगळा करार नसेल, तर त्यांचे राबणे फुकट समजावयाचे नाही. त्यांना उदरनिर्वाहाचा हक्क आहे. नफ्यात, त्या नफ्यातून घेतलेल्या वस्तूंत आणि धंद्याच्या वाढलेल्या किमतीत त्यांचा हिस्सा आहे. तो हिस्सा त्यांनी किती आणि कसे काम केले यावर ठरेल. वाढलेल्या किमतीत धंद्याची चालती पतही धरली आहे. म्हणजे जिला आपण पेढीचे नाव म्हणतो, तीही मोजावयाची. धंदा विकावयाचा झाला किंवा वारसांत वाटावयाचा झाला, तर या राबणाऱ्या नातलगांना तो घेण्याचा पहिला अधिकार. आणि याच कलमात एक लहानसे वाक्य आहे, ज्याचा अर्थ इतकाच की, स्त्रीचे काम पुरुषाच्या कामाबरोबरीचे समजावे.

१९७५ साली हे वाक्य कायद्यात घालावे लागले, यावरूनच आधी काय चालत होते ते कळते. पिझ्झाच्या दुकानात पुढे भट्टीशी उभा असतो तो दिसतो. टोमॅटो निवडणारी, बशा विसळणारी, रात्री अकराला टेबले पुसणारी आणि महिनाअखेर वही जुळविणारी बहुधा घरची सून किंवा मुलगी असते. तिला पगार नसतो, कारण ती घरचीच. आणि वाटणीत हिस्सा नसतो, कारण तिने ‘भांडवल’ घातलेले नसते. आपल्याकडे जैनांनाही लागू असलेल्या १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात २००५ साली बदल होऊन मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः मुलांइतका हक्क मिळाला. तो हक्क जन्माचा आहे. गल्ल्यावर वीस वर्षे बसलेल्या सुनेच्या श्रमाचे मोजमाप त्यात होत नाही. ते ज्याने त्याने आपल्या वहीत करावयाचे आहे, आणि किती घरांतून ते होते हे वाचकांनी आपल्याच घराकडे पाहून ठरवावे.

त्या कायद्याचे आणखी एक अंग आहे. इटलीत बाप आपल्या मुलाला मृत्युपत्राने पूर्णपणे वगळू शकत नाही; मुलांचा काही भाग राखीवच असतो. दोन किंवा अधिक मुले असली आणि आई हयात नसली, तर दोन तृतीयांश मिळकत मुलांसाठी बांधलेली. न्याय म्हणून हे उत्तम. दुकानाच्या दृष्टीने अवघड. कारण भट्टीचे तीन तुकडे करता येत नाहीत. यावर तोडगा म्हणून २००६ साली ‘कुटुंब-करार’ आला. मालकाने हयात असतानाच धंदा एका किंवा अधिक मुलांकडे सोपवावा. पती किंवा पत्नी आणि इतर हक्कदार वारस यांनी त्या करारात हजर राहावे. ज्यांना धंदा मिळत नाही त्यांना ज्यांना मिळतो त्यांनी मोबदला द्यावा, किंवा त्यांनी स्वखुशीने तो सोडावा. हा करार नोटरीपुढे रीतसर लेख करूनच व्हावा लागतो, नाहीतर तो रद्दबातल. एकदा तो झाला की बाप गेल्यानंतर त्याच मुद्द्यावर पुन्हा दावा लावता येत नाही. यातील शहाणपण आम्हांस ‘हयात असतानाच’ या दोन शब्दांत दिसते. आपल्याकडे हा विषय बापापुढे काढणे अशुभ मानतात. मग तेराव्यानंतर तो वकिलापुढे निघतो.

आता गल्लीतील नव्या दुकानात काय झाले ते पाहू. रिकाम्या हातांनी आलेल्या फ्रांको यांनी गावाभोवतीच्या शेतांकडे मोर्चा वळविला. एका कृषितज्ज्ञाला बरोबर घेऊन त्यांनी टेकड्यांवर पूर्वी होत असलेल्या आणि नंतर मागे पडलेल्या वाणांचा शोध घेतला. त्या भागातील ‘रिच्चो’ नावाचा टोमॅटो, कायात्सोच्याच जातीची ऑलिव्ह, जवळच्या खेड्यांतील कडधान्ये यांना गिऱ्हाईक राहिले नव्हते. फ्रांको गिऱ्हाईक झाले. शेतकऱ्याला बाजारात विकत घेणारा ठरलेला माणूस दिसला, की तो बी जपून ठेवतो. वाणांचे जतन व्हावे म्हणून भाषणे पुष्कळ होतात. एक आगाऊ सौदा त्यापेक्षा अधिक काम करून जातो. नंतर बाहेरचे लोक गावी येऊ लागले, मुक्कामाला राहू लागले, त्यांच्यासाठी खोल्या निघाल्या. इटलीतील पिझ्झाच्या दुकानांचे एक मानांकन २०१७ साली सुरू झाले, त्यात पहिल्याच वर्षी या दुकानाला पहिला क्रमांक मिळाला.

त्यांच्या दुकानातील एका पिझ्झाचे नाव ‘मार्गारीता स्बाल्याता’ म्हणजे ‘चुकलेली मार्गारीता’ असे आहे. नेहमीच्या मार्गारीतामध्ये टोमॅटो, मोझ्झारेल्ला आणि तुळशीच्या कुळातील बेसिलची पाने एकदम भट्टीत जातात. त्या प्रचंड उष्णतेत टोमॅटोचा ताजेपणा मरतो. फ्रांको यांनी मोझ्झारेल्ला तेवढे भाजले आणि टोमॅटोचा व बेसिलचा आटविलेला रस भट्टीतून काढल्यावर वरून गार सोडला. टोमॅटो बाजारात आहे तो किती उत्तम, हे गिऱ्हाइकाला कळावे म्हणून तो भाजायचा नाही. शेतकऱ्याशी थेट बांधलेला व्यापारीच असा विचार करू शकतो. वडिलांच्या कृतीत बदल केला आणि त्याचे नाव ‘सुधारलेली’ असे न ठेवता ‘चुकलेली’ असे ठेवले, यातील विनय आम्हांस त्या पिझ्झाच्या चवीहूनही अधिक रुचकर वाटतो. चवीबद्दल बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही, कारण तो पिझ्झा आपल्यापैकी पुष्कळांना खाता येणार नाही.

याचे कारणही थोडक्यात सांगून टाकू, कारण आता आपली मुले शिक्षणासाठी आणि व्यापारासाठी इटलीत जातात, आणि घरातून तोच प्रश्न विचारला जातो. काम्पानियातील म्हशीच्या दुधाचे नामांकित मोझ्झारेल्ला हे त्याच्या मान्य पद्धतीनुसार वासराच्या जठरातून मिळणाऱ्या विरजणाने लावतात. पार्मेजान चीजचेही तसेच. दूध, मीठ आणि विरजण एवढेच वेष्टनावर लिहिलेले असते, म्हणून ‘शाकाहारी’ या शब्दावर विसंबू नये. त्या विरजणास तेथे ‘काल्यो’ म्हणतात; वनस्पतिजन्य असल्यास ‘काल्यो वेजेताले’. तळलेला पिझ्झा पूर्वापार डुकराच्या चरबीत तळीत, म्हणून तळणाचे तेल कोणते ते विचारल्याशिवाय घेऊ नये. उरतो तो मारिनारा, जो नेपल्सचा मार्गारीताइतकाच मान्य पिझ्झा आहे. त्यावर चीज मुळातच नसते. टोमॅटो, ओरेगानो, तेल आणि लसूण एवढेच असते. ‘सेन्त्सा आल्यो’ म्हणजे लसणाविना, असे सांगितले की मालक चकित होईल, पण करून देईल. कणकेतील खमिराबद्दल ज्याचा जसा नियम. आणि वेळ. ही दुकाने संध्याकाळी सातच्या सुमारास उघडतात. जूनमध्ये तेथे सूर्य साडेआठच्या आसपास मावळतो, तेव्हा चौविहाराचा नियम सांभाळूनही भट्टीतील पहिला पिझ्झा घेता येतो. डिसेंबरात पाच वाजण्यापूर्वीच दिवस मावळतो; तेव्हा दुपारी उघडे असणारे दुकान शोधावे, नाहीतर पावाच्या दुकानातून ऑलिव्ह तेल लावलेली साधी फोकाच्चा विचारून घ्यावी.

कायात्सोला जाणाऱ्याने नेपल्सहून कासेर्तापर्यंत आगगाडीने जावे, पुढचा रस्ता मोटारीचा. गाडी टेकडी चढून गावात शिरते आणि आधी चौक येतो. वडिलांच्या नावाचे दुकान येथले. तेथून दगडी गल्ल्यांनी थोडे चालले की अख्ख्या मिऱ्यांची पाटी दिसते.